देगलूरहून हैदराबादला चटणी पाठवायची तर जीएसटी लागतो का?

मन्याडकाठ
नमस्कार मंडळी. देगलूर तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. आम्ही उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, येसर (आमटीचा भाजून दळलेला मसाला), कारळाची आणि जवसाची चटणी करतो. आजवर विक्री माळेगावच्या यात्रेत, तालुक्याच्या प्रदर्शनात आणि व्हॉट्सॲपवर. वर्षाची उलाढाल सहा-सात लाखांच्या पुढं गेलेली नाही.

आता हैदराबादच्या मराठी घरांतून मागणी येऊ लागलीय. कुणीतरी तिथल्या ग्रुपवर येसरचा फोटो टाकला आणि फोन सुरू झाले. शिवाय एका मोठ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर दुकान उघडावं असं गटातल्या मुली म्हणतात. पण तिथं अर्ज भरताना पहिल्याच पानावर जीएसटी क्रमांक मागतात.

एक जण म्हणतो ४० लाखांपर्यंत जीएसटी लागतच नाही. आमच्या इथला अकाउंटंट म्हणतो, ऑनलाइन म्हटलं की पहिल्या रुपयापासून लागतो. दोघंही ठासून सांगतात. खरं काय?

तूरडाळ
४० लाखांच्या आत कसला आलाय जीएसटी! बिनधास्त विका. आणि येसरचा भाव टाका आधी.

हिशेबनीस
बिनधास्त विकू नका. मी लातुरात हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

४० लाखांची मर्यादा खरी आहे. १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ती लागू आहे. सेवा देणाऱ्याला २० लाख. हे झालं जीएसटी कायद्याचं कलम २२. पण त्याच्या पाठोपाठ कलम २४ येतं आणि ते काही लोकांसाठी मर्यादाच काढून घेतं. उलाढाल दहा हजार असो की दहा लाख, नोंदणी घ्यावीच लागते. त्या यादीतले दोन प्रकार ताईंच्या कामाचे आहेत.

पहिला, करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणारा. दुसरा, टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशातून आधीच थोडा जीएसटी, कापणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून विकणारा.

दुसऱ्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल राज्यातल्या राज्यातच विकत असाल, तर नोंदणीशिवाय प्लॅटफॉर्मवर विकता येतं. पॅन हवा आणि जीएसटी पोर्टलवर एक एनरोलमेंट नंबर घ्यायचा. तो एकाच राज्यासाठी मिळतो. अशा विक्रेत्याचा माल परराज्यात जाऊ न देण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मची. तुमचा अकाउंटंट २०२३ च्या आधीचा नियम सांगतोय. तेव्हा तो बरोबर होता.

थोडक्यात, पुणे, नागपूर, मुंबई चालेल. हैदराबाद म्हटलं की नोंदणी. मग ते प्लॅटफॉर्मवरून असो, इन्स्टावरून असो की व्हॉट्सॲपवरून.

गोदाकाठचा
म्हणजे देगलूरहून चटणी गडचिरोलीला गेली तर काही नाही, आणि शेजारी बिदरला गेली की सरकार जागं होणार. वा रे न्याय.

उदगीरकर
@गोदाकाठचा, आमच्याकडं रोज हेच चालतंय. उदगीरच्या माणसाला लातूर जितकं आपलं तितकंच बिदर. सोयरिक तिकडं, दवाखाना तिकडं, लग्नाचा बस्ता तिकडं. दुकानदाराला मात्र बिदरचं गिऱ्हाईक म्हणजे आंतरराज्य व्यापार! नवीन पोरं इन्स्टावर कपडे विकूलालेत, त्यांना तर हे ठाऊकच नाही. पार्सल कुठं जाऊलालंय ते कोण बघतंय?

अवांतर: आमचे आजोबा निजामाच्या राज्यातल्या करोडगिरीच्या गोष्टी सांगायचे. संस्थानात बाहेरून माल आला की नाक्यावर जकात. तेव्हा देगलूर, उदगीर, बिदर, हैदराबाद सगळं नाक्याच्या आतच होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर म्हैसूरमध्ये, हैदराबाद आंध्र प्रदेशात. म्हणजे १९५६ च्या आधी ताईंची चटणी राज्यातल्या राज्यातच गेली असती.

हिशेबनीस
@उदगीरकर, भर घालतो. केंद्रीय विक्रीकर कायदाही १९५६ चाच. त्यामुळे सीमेपलीकडच्या विक्रीला वेगळा कर हे जीएसटीनं आणलेलं नाही, तो त्या केंद्रीय विक्रीकराच्या, सीएसटीच्या काळापासून आहे. २०१७ च्या १ जुलैनंतर त्याचं नाव आयजीएसटी झालं. फरक इतकाच की तेव्हा ऑनलाइन विकणारी बचत गटाची बाई नव्हती.

जालन्याचा_व्यापारी
मी उलट सांगतो. जीएसटी घ्या, त्याला भिऊ नका.

माझा चादरी, टॉवेलचा ऑनलाइन धंदा आहे. प्लॅटफॉर्म कमिशन घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लावतो. कुरियरवर, जाहिरातीवर, पॅकिंगवरही जीएसटी असतोच. नोंदणी नसेल तर तो सगळा खिशातून जातो. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्याला भरायच्या करातून तो वजा होतो. शिवाय मोठा दुकानदार माल घेताना पहिल्यांदा जीएसटी बिल मागतो. बिल नसेल तर तो दारातही उभं करत नाही.

बाकी प्लॅटफॉर्म टीसीएस कापतो. आधी एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. तो पैसा बुडत नाही, पोर्टलवर स्वीकारला की तिथल्या आपल्या खात्यात, कॅश लेजरमध्ये येतो. इन्कम टॅक्सचा टीडीएस वेगळा, तोही ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का झालाय. लोक टीसीएस आणि टीडीएस एकच समजतात आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून बोंबलतात.

चिंचेची_सावली
@जालन्याचा_व्यापारी, तुमचं बरोबर असेल, पण तुमचा धंदा मोठा. आमच्या बहिणीनं असंच कुणाचं ऐकून जीएसटी घेतला, साड्या विकायच्या म्हणून. चार महिन्यांत धंदा थंडावला. विक्री शून्य तरी रिटर्न भरावंच लागतं हे तिला कुणी सांगितलं नाही. शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये लेट फी. एका रिटर्नला ५०० ची मर्यादा आहे म्हणा, पण रिटर्न साचत जातात. शेवटी नोंदणी रद्द झाली, आणि पुन्हा सुरू करायला गेली तर आधी मागचं सगळं भरा.

जालन्याचा_व्यापारी
ताई, धंदा बंद केला की नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आपणच टाकायचा असतो. दुकानाचं शटर ओढलं म्हणून पोर्टल बंद होत नाही.

पण खरा त्रास रिटर्नचा नाही, परत आलेल्या मालाचा आहे. मार्चमध्ये विकलेली चादर एप्रिलमध्ये परत येते. प्लॅटफॉर्म त्याच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-८ मध्ये, एक आकडा दाखवतो, आपण आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-१ मध्ये, दुसरा. दोन्ही जुळले नाहीत की एएसएमटी-१० नावाची नोटीस. मला आली होती. घाबरलो होतो, पण महिन्यावार तक्ता करून एएसएमटी-११ मध्ये उत्तर दिलं, विषय संपला. २०२४ पासून जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्ये कुठल्या प्लॅटफॉर्मवरून किती विकलं तेही भरावं लागतं, त्यामुळे आता लपवायला जागा नाही.

मन्याडकाठ
सगळ्यांचे आभार. एक प्रश्न राहिलाच. पापडाला जीएसटी नाही असं ऐकलंय. मग पापडाचं वेगळं काही आहे का?

हिशेबनीस
आहे, आणि तेच तुमच्या कामाचं आहे. पापडावर कर शून्य. कलम २३ म्हणतं, जो फक्त करमाफ माल विकतो त्याला नोंदणी लागत नाही. कलम २४ मध्येही ‘करपात्र’ मालाची आंतरराज्य विक्री असा शब्द आहे. म्हणजे गटानं फक्त पापड केले आणि थेट कुरियरनं हैदराबादलाच काय, गुवाहाटीला पाठवले तरी नोंदणी नको.

पण ‘फक्त’ हा शब्द फार कडक आहे. त्याच खोक्यात चटणीची एक बरणी गेली की करपात्र विक्री झाली.

तूरडाळ
मग गोल पापडाला माफी आणि चौकोनीला कर, हे खरं का? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

हिशेबनीस
खोटं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर हा वाद रंगला होता. तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानंच जाहीर केलं की पापड कुठल्याही नावाचा, कुठल्याही आकाराचा असो, माफ आहे. हॉटेलात ताटात वाढलेला पापड तेवढा वेगळा.

लातूरची_सून
आणि कुरडई? पापडाचीच सख्खी बहीण ना ती. उन्हात वाळते, तळूनच खातात, लग्नात ताटात शेजारीच असते.

गोदाकाठचा
बहीण नाही, चुलत. कुरडईला चीक लागतो आणि सोऱ्या लागतो. पापडाला लाटणं.

हिशेबनीस
हसू नका, कायद्यात नेमका सोऱ्याच आडवा येतो. साच्यातून दाबून काढलेले, न तळलेले खाद्यपदार्थ असा एक प्रकार आहे. त्यावर १८ टक्के की शून्य असा वाद वर्षानुवर्षं चालला आणि ११ जुलै २०२३ च्या जीएसटी परिषदेत तो दर ५ टक्के ठरला. कुरडई पापडात बसते असं कुणी वकील म्हणेलही. मी माझ्या गिऱ्हाइकाला ५ टक्के धरायलाच सांगतो. पाच टक्क्यांसाठी वकिलाची फी कोण भरणार?

लातूरची_सून
माझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कुरडईवर कर लावणाऱ्याला चीक हाटायला बसवा, एका घाण्यात कायदा बदलेल.

पैठणवाली
माझा अनुभव वेगळ्या मालाचा आहे. आम्ही हातमागाच्या वस्तू विकतो. ठरावीक हस्तकला वस्तूंची सरकारी यादी आहे. त्या हातानं बनवणाऱ्या कारागिराला परराज्यात विकतानाही २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पॅन लागतो, आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल लागतं, माल ५० हजारांच्या आतला असला तरी. ही अट कुणाला ठाऊकच नसते. आपली वस्तू त्या यादीत आहे का ते आधी बघा. सगळं हाताचं म्हणजे हस्तकला असं होत नाही. आमची एक वस्तू बसली, दुसरी नाही.

चटणीला हे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

तूरडाळ
मग हातानं कुटलेली चटणी हस्तकलेत घाला की. पळवाट तयार.

पैठणवाली
@तूरडाळ, तुमच्या आयडीवरच कर आहे, माहितेय ना?

लातूरची_सून
ते खरंच आहे. लातूरच्या मोंढ्यात सुटी तूरडाळ घ्या, कर नाही. तीच एक किलोच्या छापील पाकिटात घाला, ५ टक्के. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर कर आहे. गुळाचंही तेच. आमच्या दिराला बोरसुरीची डाळ ऑनलाइन विकायची होती, भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून. सुटी डाळ कुरियरनं कशी पाठवणार? पाकीट आलं, लेबल आलं, कर आला.

उदगीरकर
म्हणजे शेतकऱ्याकडनं पाच पोती घेतली तर कर नाही, आणि सुनेला डाळीचं पाकीट पाठवलं तर कर. ऑनलाइनवाल्याला सुटा माल विकायचा रस्ताच नाही.

नळदुर्गी
कंपोझिशन घ्या ना, छोट्या धंद्यांची सोपी योजना. एक टक्का भरा, मोकळे व्हा. तीन महिन्यांनी एकदा कर भरायचा सीएमपी-०८ फॉर्म, वर्षाला एक रिटर्न, जीएसटीआर-४. आमचं मिठाईचं दुकान त्यातच आहे.

हिशेबनीस
दुकानाला ते छान आहे. ऑनलाइनलाही १ ऑक्टोबर २०२३ पासून चालतं. पण कंपोझिशनवाला परराज्यात माल विकू शकत नाही. ताईंचा प्रश्नच हैदराबादचा आहे. शिवाय गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही.

सिकंदराबादकर
मी तोच ग्रुप चालवतो बहुतेक! येसर आमटीचा फोटो माझ्याच बायकोनं टाकला होता. इथं चाळीस वर्षं झाली, पण येसर इथं मिळत नाही. एक विचारतो. मी दर महिन्याला देगलूरवरून जातो. मीच गटाकडून रोख घेऊन आलो आणि इथं घरच्यांना, शेजाऱ्यांना दिलं, तर?

हिशेबनीस
तुम्ही देगलूरला येऊन घेतलंत, बिलावर तुमचा हैदराबादचा पत्ता लिहिला नाही, तर ती महाराष्ट्रातलीच विक्री. ऑक्टोबर २०२३ पासून किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता असेल तर त्या पत्त्याचं राज्य धरतात, नसेल तर विकणाऱ्याचं. यात लबाडी काही नाही, माल खरंच देगलूरला दिला गेला. पण ताईंनीच पिशवी एसटीच्या पार्सलात टाकून हैदराबादला पाठवली, की ती आंतरराज्य विक्री. आणि तुम्ही तिथं नफा घेऊन विकायला लागलात तर तुमचा वेगळा हिशेब तेलंगणात सुरू.

तूरडाळ
पण एवढं कोण बघतंय? एका बरणीसाठी?

गोदाकाठचा
@तूरडाळ, शेजारच्या कर्नाटकात २०२५ च्या जुलैत काय झालं आठवा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना, भाजीवाल्यांना नोटिसा गेल्या. बंगळुरूत लोकांनी क्यूआर कोड काढून रोखीवर धंदा सुरू केला. नंतर सरकारनं जरा ढील दिली, पण एक कळलं, पैसा कुठून किती आला ते दिसतं. कुरियरची पावती तर त्याहून पक्की.

चिंचेची_सावली
आणि नोंदणी न घेता धंदा केला तर दंड किती?

हिशेबनीस
दहा हजार किंवा बुडवलेला कर, यातलं जे जास्त असेल ते. वर मूळ कर आणि व्याज. चटणीचा कर काही शेकड्यांत असेल, दंड मात्र दहा हजारांपासून सुरू.

नांदेडचा_पोरगा
मध्येच विचारतो. मी लोगो, पोस्टर करून देतो, गिऱ्हाईक बंगळुरू, इंदूर. मलाही लागतो का?

हिशेबनीस
सेवा परराज्यात दिली तरी २० लाखांपर्यंत सूट आहे. मालाला ही सूट नाही. तू बिनधास्त.

नांदेडचा_पोरगा
_/\_

मन्याडकाठ
आज गटाच्या बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. सिकंदराबादकर दादा, तुमच्या घरच्यांचं नाव आता गावात झालंय.

बैठकीत दोन मतं पडली. काही जणी म्हणतात पापड दुसऱ्या गटाच्या नावावर टाकू, चटणी आपल्या. म्हणजे पापड कुठंही पाठवता येतील आणि चटणी महाराष्ट्रातच विकू. बाकीच्या म्हणतात एकदाच नोंदणी घेऊन मोकळं व्हा. पण आमचं काम जिथं चालतं ते घर एका सदस्याचं आहे, लाईट बिल तिच्या सासऱ्यांच्या नावावर. आणि गटाची गिरणीही आहे, गावातलं दळण त्यावर होतं. त्यानं काही बिघडतं का?

हिशेबनीस
बैठकीत वाचून दाखवलंत, बरं वाटलं. एकेक घेतो.

दुसरा गट खरंच वेगळा असेल, वेगळ्या बायका, वेगळा पॅन, वेगळं बँक खातं, वेगळा माल आणि पैसा, तर हरकत नाही. नुसतं कागदावर नाव बदलून तोच माल, त्याच चुलीवर आणि तेच खातं असेल तर करू नका. चौकशीत पहिल्या तासात उघडं पडतं.

गिरणीचं बरं झालं सांगितलंत. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला. दळणाचे पैसे घेता म्हणजे सेवा देता, म्हणून तुमची मर्यादा २० लाख. तुमची उलाढाल त्याहून खूप कमी आहे, पण वाढली तर लक्षात ठेवा. मोजताना पापडाची करमाफ विक्रीही त्यात धरतात.

लाईट बिल सासऱ्यांचं चालतं. त्यांचं संमतिपत्र आणि ओळखपत्र जोडा. १ नोव्हेंबर २०२५ पासून सोपी नोंदणी सुरू झालीय. व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असेल आणि आधार पडताळणी झाली, तर तीन कामकाजाच्या दिवसांत क्रमांक मिळतो. तुमची सगळी विक्री घरगुती गिऱ्हाइकांना, त्यामुळे तुम्ही त्यात बसता. रिटर्नसाठी तिमाहीचा पर्याय निवडा. तिमाहीनंतरच्या महिन्यात विक्रीचं जीएसटीआर-१ १३ तारखेपर्यंत, कर भरण्याचं जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात २२ पर्यंत. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत भरायचा.

माझं मत विचाराल तर हैदराबादची मागणी महिन्याला दोन-तीन बरण्यांची असेल तर नोंदणी नको. एनरोलमेंट नंबर घ्या, महाराष्ट्रात विका, सिकंदराबादकरांसारखी माणसं देगलूरला येऊन घेऊन जातील. पार्सलं रोजची होणार असतील तर नोंदणी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांत चटणी, लोणचं, येसर सगळं ५ टक्क्यांत येतं. म्हणजे गिऱ्हाइकाला किंमत फार वाढवून सांगावी लागणार नाही.

जालन्याचा_व्यापारी
+१. पण नोंदणी घेतलीत तर एक काळजी. प्लॅटफॉर्म ‘आमच्या गोदामात माल ठेवा, लवकर पोचतो’ म्हणेल. भिवंडीचं गोदाम असेल तर ते आपल्या नोंदणीत जादा जागा म्हणून घालावं लागतं. हैदराबादच्या गोदामात ठेवलात तर तेलंगणाची वेगळी नोंदणी, वेगळी रिटर्न. सुरुवातीला माल देगलूरहूनच पाठवा.

नळदुर्गी
आणि अन्न परवान्याचा क्रमांक पाकिटावर छापायला विसरू नका, तो जीएसटीच्या आधी बघतात.

मन्याडकाठ
तो आहे आमच्याकडं, पाकिटावरही छापलाय. सध्या महाराष्ट्रापुरतं एनरोलमेंट घेतोय. दिवाळीपर्यंत हैदराबादची मागणी वहीत लिहून ठेवू, मग नोंदणीचं ठरवू. कुरडया हा हंगाम तरी ऑनलाइन टाकणार नाही.

सिकंदराबादकर
मी पुढच्या रविवारी देगलूरला आहे. दोन किलो येसर, एक किलो कारळाची. पत्ता लिहू नका.